‘मराठीत एमए? मग टायपिंग येतं का?’

ज्यांना एसटीच्या गोंगाटात हा भाग नीट ऐकू आला नाही, किंवा ज्यांचा आजचा डेटा दुपारीच संपला, त्यांच्यासाठी हे लिहून टाकतेय. बोलल्यासारखंच ठेवलंय. मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे काढलेत.

आजचा विषय साधा आहे. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, कुठल्याही भाषेत बीए किंवा एमए केलेल्या पोरापोरींबद्दल त्यांना कामावर ठेवणारे लोक काय म्हणतात? घरचे काय म्हणतात ते आपल्याला पाठ आहे. शेजारच्या काकू तर पेढा हातात घेतानाच विचारतात, “एमए झालीस, आता काय करायलीस?” पण जो माणूस आपल्याला पगार देतो, आपलं काम रोज बघतो, त्याला आपल्याबद्दल काय वाटतं, हे आपण कधी विचारतच नाही.

माझी ओळख नवीन श्रोत्यांसाठी. मी कळमनुरीची. एमए मराठी. सहा वर्षं झाली, नांदेडला एका खासगी कंपनीच्या ग्राहक सेवा विभागात काम करते. त्यातली शेवटची दोन वर्षं मुलाखत घेणाऱ्यांतही बसते. दिवाळीला गावी आले तेव्हा चार दिवस कळमनुरी आणि हिंगोलीत फिरून माणसं ठेवणाऱ्यांशी बोलले. पतसंस्था, खासगी दवाखाना, कृषी सेवा केंद्र, असे. नावं घेणार नाही. गाव लहान आहे, उद्या परत त्याच रस्त्यानं जायचंय.

आणि बघा, बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच होता. “मराठीत एमए? मग टायपिंग येतं का?”

मला आधी राग आला. मग लक्षात आलं, हा टोमणा नाहीये. आपल्या पदवीवरून त्या माणसाला आपल्याला काय येतं ते कळतच नाही. बीकॉम म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर नावे-जमा येतं. बीएस्सी अॅग्री म्हटलं की औषधाची बाटली येते. एमए मराठी म्हटलं की काय येतं? काहीच नाही. मग तो जवळात जवळची मोजता येण्यासारखी गोष्ट विचारतो. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजी ४० असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. तेच त्याच्याही डोक्यात बसलंय.

आकडे हवे असतील तर दोन सांगते, आणि त्यांचा आपल्याला फारसा उपयोग का नाही तेही सांगते. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या पाहणीनुसार देशात पदवीला शिकणाऱ्यांपैकी ३४.२ टक्के विद्यार्थी कला शाखेत आहेत. म्हणजे शंभरातले चौतीस. दुसरा आकडा इंडिया स्किल्स रिपोर्टचा. २०२५ च्या अहवालात देशातले ५४.८१ टक्के पदवीधर रोजगारक्षम धरले होते. हा अहवाल पदवीनुसारही विभागणी करतो आणि त्यात एमबीए, बीटेकवाले बीएवाल्यांच्या वर असतात. बातमी होते, ‘बीएवाले मागे’. पण त्यात ‘बीए’ ही एकच टोपली आहे. मराठीवाला, इतिहासवाला, भूगोलवाला सगळे एकात. शिवाय ते गुण विद्यार्थ्यांनी दिलेल्या एका परीक्षेचे असतात. आठ महिने खुर्चीत बसून काम केल्यावर कोण कसा निघाला, हे त्यातून कळत नाही. ते कळायला त्या खुर्चीशेजारी बसलेल्या माणसालाच विचारावं लागतं.

तर पतसंस्थेचे साहेब. पन्नाशीचे असतील, बोलायला मोकळे. त्यांच्याकडं तीन वर्षांपूर्वी तिघं एकदम लागले. एक बीकॉम, एक बीएस्सी आणि एक एमए मराठी झालेली मुलगी. पहिल्या महिन्यात ती सगळ्यात मागं होती, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. व्हाउचर कशाला म्हणतात माहीत नाही. एक्सेल उघडलं की घाबरायची. बेरीज कॅल्क्युलेटरवर करून मग एक्सेलमध्ये हातानं टाकायची. यात आपल्यातल्या बऱ्याच जणांनी स्वतःला ओळखलं असेल. आणखी एक तक्रार त्यांनी केली ती मला बोचली. म्हणाले, भाषेची पदवी असून शुद्धलेखनही फार काही बरं नसतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका बीकॉमवाल्याइतक्याच. आणि साधा अर्ज लिहायला सांगितला तर निबंध लिहितात, मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात येतो.

हे ऐकून घ्या, कारण ते खरं आहे. आपल्याला वाङ्मयाचा इतिहास शिकवतात, कालखंड शिकवतात, रसग्रहण शिकवतात. मला ते सगळं आवडायचं, आजही आवडतं. पण पाच वर्षांत एकदाही कुणी असं म्हटलं नाही की एक पान असं लिहा, जे वाचून समोरचा माणूस काहीतरी करेल. पैसे भरेल, तारखेला येईल, सही करेल. परीक्षेत आपण ज्या सरांसाठी लिहितो त्यांना उत्तर आधीच माहीत असतं. कामावर मात्र ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसासाठी लिहायचं असतं.

पुढं काय झालं ते ऐका. सात-आठ महिन्यांनी थकबाकीच्या नोटिसा आणि वसुलीचे फोन या दोन्ही गोष्टी साहेबांनी त्या मुलीकडं दिल्या. का? आधीची नोटीस अशी असायची: ‘सदरील कर्जखात्यातील थकीत रकमेचा विहित मुदतीत भरणा न केल्यास नियमानुसार पुढील कार्यवाही करण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’ (हे ‘सदरील’ आपल्या मराठवाड्याचं लाडकं, बरं का. पुण्याकडं ‘सदर’ लिहितात, आपल्याला तेवढ्यात भागत नाही.) ही नोटीस घेऊन लोक शाखेत यायचे ते फक्त विचारायला, की हे काय आलंय? काहींना वाटायचं जप्ती आली.

त्या मुलीनं ती अशी केली: ‘तुमच्या कर्जाचे २ हप्ते राहिले आहेत. एकूण ४,६०० रुपये. १५ तारखेपर्यंत शाखेत भरा. अडचण असेल तर त्याआधी येऊन भेटा, काय करता येईल ते बघू.’ रक्कम मी उदाहरणासाठी घातलीय, पण साचा हाच. साहेबांच्या म्हणण्यानुसार आता लोक पैसे घेऊन येतात, नाहीतर निदान भेटायला तरी येतात. तोंड चुकवून फिरत नाहीत.

मी विचारलं, साहेब, मग पुढच्या भरतीत मराठीवाली मुलं घेणार का? ते हसले. म्हणाले, ताई, ती पोरगी हुशार आहे म्हणून जमलं, पदवीमुळं नाही. मी वाद घातला नाही. पण हे वाक्य लक्षात ठेवा, कारण हे मला पुन्हा पुन्हा ऐकू आलं. चुकलो तर ते पदवीमुळं, जमलं तर ते स्वतःच्या हुशारीमुळं. पदवीच्या खात्यावर जमा काही होतच नाही.

कृषी सेवा केंद्रवाल्या दादांचं म्हणणं वेगळं आणि मला जास्त पटणारं होतं. आपल्या भागात हळद किती महत्त्वाची, ते सांगायला नको. वसमतचा बाजार सगळ्यांना माहीत आहे. हे दादा शेतकऱ्यांना व्हॉट्सअॅपवर सल्ले पाठवतात. कंदकूज दिसली तर काय करायचं, फवारणी कधी थांबवायची. बीएस्सी अॅग्री झालेला पोरगा बरोबर माहिती लिहितो, पण ती कुणी वाचत नाही. बीए झालेला पोरगा असं लिहितो की शेतकरी दुसऱ्या ग्रुपवर पुढं पाठवतो, पण एकदा त्यानं मिली आणि ग्रॅममध्ये घोळ घातला होता. औषधाचं प्रमाण चुकलं तर पीक जातं, माणसालाही अपाय होतो. त्यामुळं आता पहिला सांगतो, दुसरा लिहितो, मग पहिला परत तपासतो. दोघांचा पगार सारखा आहे, हे त्यांनी मला मुद्दाम सांगितलं.

दवाखान्यात कौतुक ऐकलं ते उर्दूत बीए केलेल्या मुलीचं. आपल्याकडं मराठी, दखनी, बंजारा बोली, आंध समाजाची बोलण्याची ढब, सगळं एका रांगेत उभं असतं. कुणाला काय होतंय ते नेमकं विचारून डॉक्टरांपर्यंत पोहोचवणं हे तिचं काम. तिला बाकीच्यांपेक्षा वेळ जास्त लागतो, एवढीच तक्रार.

या वेळेच्या तक्रारीवर जरा थांबते, कारण तीच माझ्या नांदेडच्या ऑफिसातही आहे. आमच्याकडं जाहिरातीत ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ असं लिहितात. म्हणजे निवडताना भाषेच्या पदवीला वजा गुण नाहीत आणि अधिकही नाहीत. काम सुरू झालं की एक आकडा रोज स्क्रीनवर दिसतो, एका कॉलला सरासरी किती वेळ लागला. माझ्या टीममधली भाषेची मुलं या आकड्यात मागं पडतात. ती ऐकून घेतात. “म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे का” असं परत विचारतात. तक्रार नोंदवताना चार ओळी जास्त लिहितात. पण त्या चार ओळी असल्या की पुढचा माणूस ग्राहकाला पहिल्यापासून रडगाणं सांगायला लावत नाही. तेच गिऱ्हाईक त्याच गोष्टीसाठी तिसऱ्यांदा फोन करत नाही. हे माझ्या डोळ्यांनी दिसतं, पण तो आकडा आमच्या स्क्रीनवर नाही. त्यामुळं वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ही मुलं ‘मध्यम’ निघतात. माझ्या मते इथं दोष मोजपट्टीचा आहे, आणि मी हे मीटिंगमध्ये बोलते. अजून काही बदललेलं नाही.

आता जरा मागं जाऊ. आपल्या भागात भाषेला नोकरीचा भाव कधी येतो आणि कधी जातो, याचं मोठं उदाहरण आपल्याच दारात आहे.

कळमनुरी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. जिल्हा परभणी. हिंगोली जिल्हा तर १ मे १९९९ ला झाला. संस्थानात दरबाराची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तिथं शिक्षणाचं माध्यमच उर्दू होतं. त्यामुळं मराठी घरातली पोरंसुद्धा उर्दू शिकायची, कारण कचेरीत त्याशिवाय दाद लागत नव्हती. मग १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं, १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. ज्या उर्दूवर नोकरी मिळायची ती बघता बघता म्हाताऱ्यांच्या गप्पांपुरती उरली. मोडीचंही तसंच. जुने कागद पेटीत, पेटी माळ्यावर.

आणि मग २०२३. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. आरक्षणाच्या वादात मी आज जात नाही, तो वेगळ्या भागाचा विषय आहे. मला फक्त कागदांबद्दल बोलायचंय. ते होते मोडीत आणि उर्दूत. कचेऱ्यांपुढं प्रश्न उभा राहिला, हे वाचणार कोण? एकाएकी मोडी वाचणाऱ्याची शोधाशोध सुरू झाली. ज्या कौशल्याला आदल्या महिन्यात ‘छंद’ म्हणत होते, त्याला आता ‘तज्ज्ञ’ म्हणायला लागले. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटबद्दलचा शासन निर्णय आला, त्यानंतर जुन्या कागदांची चर्चा पुन्हा घराघरांत गेली.

त्या वेळी मराठीचे किती एमए पुढं आले? मी माझ्या बॅचचंच सांगते. आमच्यापैकी कुणालाच मोडी वाचता येत नव्हती, कारण ती आम्हाला कुणी शिकवलीच नव्हती. मोडी वाचत होते ते हौशी लोक, निवृत्त शिक्षक आणि पुराभिलेख संचालनालयाच्या किंवा कुठल्या संस्थेच्या अल्प मुदतीच्या वर्गात शिकून आलेले. मालकाला, म्हणजे इथं सरकारला, भाषेचं माणूस तातडीनं हवं होतं. पदवी भाषेची होती. पण दोघांची गाठ पडली नाही.

इथं हिंदीवाल्यांचं उदाहरण बघा. बँकांमध्ये राजभाषा अधिकारी हे पद असतं आणि त्याला हिंदीत एमए, पदवीला इंग्रजी विषय, अशी पात्रता लागते. आयबीपीएसची विशेषज्ञ अधिकारी परीक्षा असते त्यात हे येतं. हे पद बँकांनी प्रेमानं काढलेलं नाही. १९६३ चा राजभाषा अधिनियम आहे म्हणून ते आहे. मराठीत एमए झालेल्याला बँकेत असं हक्काचं पद नाही. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, आनंद आहे, मीही स्टेटस ठेवलं होतं. पण त्या दर्जानं कळमनुरीच्या पतसंस्थेत एक खुर्ची वाढत नाही.

खुर्ची कुठं वाढू शकते ते सांगते. कर्ज देणाऱ्या बिगरबँक कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्जदाराशी पत्रव्यवहार त्याच्या भाषेत, निदान त्याला कळेल अशा भाषेत करायचा. बचत गटातल्या बायांना मायक्रोफायनान्सवाले जे कर्जाचं कार्ड देतात, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, असं २०२२ च्या निर्देशांत सांगितलं होतं. आता तुमच्या आईचं किंवा मावशीचं कार्ड काढून वाचा. मराठी अक्षरं आहेत. समजतं का? नियम पाळल्यासारखा दिसतो, पण कुणाला कळत नाही. ती चार वाक्यं सरळ करणारा माणूस कंपनीकडं नाही, किंवा असा माणूस मिळतो हे तिला माहीत नाही. अमेरिकेत सरकारी खात्यांनी सोपं लिहावं म्हणून २०१० साली कायदा केला. म्हणजे हा रोग फक्त आपलाच नाही.

कुणीतरी आता म्हणेल, ताई, हे सगळं एआय करतं. करतं. आमच्या ऑफिसात रोज करतं. मशीननं लिहिलेली मराठी आमच्याकडं येते तेव्हा ती दिसायला गुळगुळीत असते, आणि तीत मध्येच ‘आपली विनंती यशस्वीरीत्या उठवली गेली आहे’ असं काहीतरी असतं. कळमनुरीच्या माणसाला वाटेल, विनंती झोपली होती का? ते पकडायला माणूस लागतो. पण खरं सांगायचं तर दहा जणांचं काम आता दोघं करतात, आणि ते दोघं कॉम्प्युटरवर हात बसलेलेच असतात.

मग करायचं काय? मी सल्ले देणारी नाही, पण एक गोष्ट समोर आहे आणि ती वाया चाललीय. नवीन शैक्षणिक धोरणात एमएच्या पहिल्या वर्षाला, दुसऱ्या सत्रात, ४ श्रेयांकांचं कार्यप्रशिक्षण आहे, ज्याला सगळे ओजेटी म्हणतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षालाही आहे. एका श्रेयांकाला ३० तास धरले तर १२० तास होतात. आता गावोगाव काय चाललंय ते तुम्हाला माहीत आहे. ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून पत्र आणायचं, फाइल लावायची, झालं. ‘सदरील विद्यार्थ्याचे काम समाधानकारक आहे.’ हे एक वाक्य मी अर्जांत इतक्यांदा वाचलंय की आता डोळा आपोआप पुढं जातो.

२०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली तेव्हाही तेच. पदवीधराला महिन्याला १०,००० रुपये सरकार देणार, आधी सहा महिने, नंतर मुदत वाढली. इंजिनिअर असो की बीए मराठी, रक्कम एकच. मालकाला फुकटात माणूस तपासून बघायची संधी होती आणि आपल्याला आपलं काम दाखवायची. काहींनी ती वापरली. बरेच जण झेरॉक्स काढत बसले, कारण दुसरं काम काय द्यावं ते साहेबाला सुचलं नाही आणि आपणही मागितलं नाही.

तर ओजेटीच्या १२० तासांचं असं करून बघा. जागा कळमनुरीतच आहेत: पंचायत समिती, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय, पतसंस्था, एखादी शेतकरी उत्पादक कंपनी, दवाखाना. तिथं जाऊन म्हणायचं, तुमच्याकडून लोकांना जे कागद जातात त्यातले तीन मला द्या, ज्यावर सगळ्यात जास्त लोक परत विचारायला येतात. ते सोपे करून द्यायचे. आकडे, तारखा, नियम तिथल्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायचे, त्या हळदीच्या औषधासारखं. मग पंधरा दिवस त्याच टेबलाजवळ बसून किती लोक परत विचारायला येतात ते वहीत मांडायचं. शेवटी पत्र घेताना ‘समाधानकारक’ नको म्हणायचं. काय लिहिलं, किती कागद लिहिले, त्यानं काय फरक पडला, हे तीन ओळींत लिहून मागायचं. साहेबाला वेळ नसेल तर मसुदा तुम्हीच करून द्या, तेवढं तर आपल्याला येतंच. सोबत जुना आणि नवा कागद जोडा, लोकांची नावं आणि खाते नंबर खोडून. असा अर्ज माझ्या टेबलावर अजून एकही आलेला नाही. आला तर त्या माणसाला मी टायपिंगबद्दल विचारणार नाही.

आणि एक्सेल शिका बाबांनो. एका महिन्याचं काम आहे. त्यावर रडण्यात अर्थ नाही.

तुमच्यापैकी कुणी ओजेटीला अशी जागा शोधली असेल, किंवा तुम्ही स्वतः माणसं ठेवत असाल आणि माझं म्हणणं पटत नसेल, तर आवाजाचा मेसेज पाठवा. दोन मिनिटांच्या आत. नाव सांगायचं नसेल तर नका सांगू, गाव सांगा. चला, थांबते.